१८६ अंश: ऊसकाट्यावरच्या संगणकाचं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावरचा संगणक गाळप हंगाम ऐन भरात असताना अधूनमधून आपोआप बंद व्हायला लागला. अडकायचा नाही, रीस्टार्टही व्हायचा नाही, सरळ बंद. काटा कारकुनाने बटण दाबलं की काही मिनिटांत सगळं पूर्ववत. तीन-चार दिवस काही नाही, आणि मग एकाच रात्रीत दोनदा.

एरवी हे कोणी फार मनावर घेतलं नसतं. पण ऊसकाटा ही कारखान्यातली सगळ्यात नाजूक जागा. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, ती गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन दुसऱ्या काट्यावर येते आणि दोन वजनांच्या फरकावर शेतकऱ्याचं बिल निघतं. मधेच स्क्रीन काळी झाली की मागे ट्रॅक्टरांची रांग यार्डाच्या बाहेर जाते आणि रांगेतून पहिला शब्द येतो तो ‘काटामारी’. त्यामुळे बिघाड शोधायचाच होता, शिवाय बंद पडण्याने एखादी पावती चुकली का, याचंही लेखी उत्तर व्यवस्थापनाला हवं होतं.

यंत्रणा साधी. लोडसेल (वजनाचे सेन्सर), त्यावर वैधमापन विभागाचं सील असलेला वजन इंडिकेटर, आणि इंडिकेटरकडून सिरीयल केबलने आकडा घेऊन पावती छापणारा औद्योगिक संगणक. लोखंडी पेटीतला, जुन्या पिढीतला एटीएक्स प्रकारचा मदरबोर्ड. तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचा वेग मोजायला त्यावर विनबॉन्डची डब्ल्यू ८३६२७ एचएफ ही सुपर आय-ओ चिप. ही चिप त्या काळात फार बोर्डांवर होती. २००८ मध्ये विनबॉन्डचा हा विभाग नुवोटॉन नावाने वेगळा झाला आणि घराण्यातल्या पुढच्या चिपा अजूनही औद्योगिक बोर्डांवर दिसतात. कीबोर्ड, सिरीयल पोर्ट, वॉचडॉग आणि देखरेख हे सगळं एकाच काळ्या चौकोनात.

आम्हाला बोलावलं तोवर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागाने बरंच बदलून पाहिलं होतं. यूपीएस नवा, एसएमपीएस (पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा) नवा, पंखा नवा, वर मदरबोर्डवरची बॅटरीही नवी. प्रत्येकामागे कारण होतं आणि ते अगदीच हवेतलं नव्हतं.

एसएमपीएस बदलला, कारण देखरेखीच्या पडद्यावर बारा व्होल्टचा आकडा ११.६७ आणि ११.७३ यांच्यात सतत हलत होता. ‘सप्लाय डुगडुगतोय’ असं निदान झालं. नव्या एसएमपीएसनेही तेच दाखवलं, आणि दाखवणारच होता. चिपमधला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, आठ बिटांचा आहे, त्याची एक पायरी १६ मिलिव्होल्टची. बारा व्होल्ट थेट मोजता येत नाहीत म्हणून २८ किलोओहम आणि १० किलोओहमच्या विभाजकातून ते खाली आणले जातात, म्हणजे पडद्यावरच्या आकड्यात एक पायरी ३.८ पट होते, सुमारे ६१ मिलिव्होल्ट. ११.६७ म्हणजे १९२वी पायरी, ११.७३ म्हणजे १९३वी. सप्लाय दोन पायऱ्यांच्या मधे कुठेतरी स्थिर होता. एटीएक्सला बारा व्होल्टवर पाच टक्के सूट आहे, ११.४० पर्यंत कुणी हरकत घेत नाही.

पंख्याची गोष्ट जास्त मजेशीर. पहाटे थंडीत पंख्याचा वेग शून्य दिसायचा आणि पेटीला हात लावला तर वारा व्यवस्थित लागायचा. पंखा एका फेऱ्यात दोन स्पंद देतो. ही चिप स्पंद मोजत नाही. एका फेऱ्याला किती वेळ लागला तो आतल्या घड्याळाच्या टिकटिकींत मोजते आणि १३,५०,००० ला त्या संख्येने आणि विभाजक नावाच्या, चिपमध्ये ठरवून द्यायच्या आकड्याने भागून वेग काढते. मोजणी २५५ च्या पुढे जात नाही. विभाजक २ वर असेल तर हिशोब येतो मिनिटाला २,६४७ फेरे. त्याखाली पंखा गेला की चिपला तो थांबलेला दिसतो. बायोसचं पंखा-नियंत्रण थंड हवेत वेग कमी करत होतं, म्हणजे आपलं काम नीट करत होतं, आणि मोजणारा त्यालाच मेलेला म्हणत होता. विभाजक ८ केल्यावर ६६२ फेऱ्यांपर्यंत दिसायला लागलं. या प्रकरणाशी पंख्याचा काही संबंध निघाला नाही, पण त्या शून्याने सगळ्यांच्या मनात ‘तापतोय’ हा शब्द पक्का बसवला होता.

काट्यावरच्या काकांचंही तेच मत होतं. ‘साहेब, गर्दी वाढली की याला धाप लागते आन् बसतो खाली. रात्री रिकामा असला तर काय नाय होत.’ त्यांचं निरीक्षण अगदी खरं होतं, गर्दीच्या वेळीच तो जास्त बंद पडायचा. कारण मात्र वेगळं होतं.

अशा तक्रारीत आधी एक गोष्ट ठरवावी लागते: संगणक मेला, की त्याला झोपवला? वीज दचकली तर एसएमपीएस पॉवर-ओकेची तार खाली ओढतो, बोर्ड रीसेट होतो आणि विंडोजला काही लिहायला वेळच मिळत नाही. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर इव्हेंट लॉगमध्ये ६००८ ही नोंद पडते, मागचं बंद होणं अनपेक्षित होतं अशी. प्रोसेसर खरंच जळायच्या बेतात आला तर त्याचा थर्मट्रिप हा सिग्नल बोर्डाला वीज तोडायला लावतो, तेव्हाही लॉगमध्ये शिस्तीचं काही सापडत नाही. इथे मात्र प्रत्येक वेळी १०७४ ही नोंद होती. म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमने विंडोजला रीतसर बंद व्हायला सांगितलं, आणि त्या प्रोग्रॅमचं नावही नोंदीत होतं. बोर्डाबरोबर सीडीवर आलेली देखरेखीची युटिलिटी.

वीज, यूपीएस, एसएमपीएस या सगळ्यांची इथेच सुटका झाली. हंगामभर बदललेल्या सुट्या भागांचं बिल पाहता हा लॉग आधी कोणी उघडला नाही याचं वाईट वाटतं, पण देखभालीच्या माणसाच्या हाती आधी स्क्रूड्रायव्हर येतो, त्याला इलाज नाही.

युटिलिटीत प्रोसेसरची मर्यादा ८५ अंश ठेवलेली होती आणि ‘मर्यादा ओलांडल्यास संगणक बंद करा’ या चौकटीत टिक होती. ती स्वतःची एक साधी टेक्स्ट फाइल लिहीत होती, दर दोन सेकंदांना एक ओळ. एका बंद पडण्याच्या वेळच्या ओळी अशा होत्या: ५२, ५२, १८६, ५२, ५२, आणि मग फाइल संपते.

दोन सेकंदांत ५२ वरून १८६ आणि पुढच्या दोन सेकंदांत परत ५२. उष्णता अशी वागत नाही. प्रोसेसरवर अर्धा किलोचा ॲल्युमिनियमचा गट्टू बसवलेला आहे. तो चार सेकंदांत १३४ अंश चढून उतरणार नाही. आणि प्रोसेसर खरोखर १८६ ला पोचला असता तर त्याच्या पुष्कळ आधी, १३० च्या आसपास, थर्मट्रिपने त्याला खाली घेतला असता. प्रोसेसर तापलाच तर त्याआधी प्रोचॉट हा सिग्नल ओढला जातो आणि तो स्वतःचा वेग कमी करतो. ऑसिलोस्कोप लावून ठेवला होता, ती रेघ एकदाही हलली नाही.

सेन्सर सैल असेल, थर्मिस्टरची तार तुटत-जुळत असेल, असं पहिल्यांदा कोणाच्याही मनात येईल. पण सैल तार दर वेळी वेगळा आकडा देते. इथे बंद पडण्याच्या जुन्या फाइली काढल्या तर बहुतेक ठिकाणी नेमके १८६ आणि काही ठिकाणी नेमके १९०. तिसरा आकडा नाही. इतका नेमका येणारा आकडा चुकीचा असला तरी कशाचा तरी खरा आकडा असतो.

१८६ ला १६ मिलिव्होल्टने गुणलं तर २.९७६. या बोर्डवर पाच व्होल्टच्या स्टँडबाय रेषेचा (संगणक बंद असतानाही चालू राहणारी वीज) विभाजक १.६८ पट आहे. २.९७६ गुणिले १.६८ बरोबर ५.००. आणि १९० गुणिले १६ मिलिव्होल्ट बरोबर ३.०४ व्होल्ट. मल्टिमीटर नव्या बॅटरीवर टेकवला, ३.०४.

म्हणजे युटिलिटी प्रोसेसरचं तापमान म्हणून कधी स्टँडबाय व्होल्टेज वाचत होती, कधी बॅटरी.

हे कसं होतं ते समजायला चिपच्या दारापाशी जावं लागतं. देखरेखीच्या भागाला संगणकाच्या बाजूने दोनच पोर्ट आहेत, हेक्समध्ये २९५ आणि २९६. पहिल्यावर रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या खणाचा, क्रमांक लिहायचा, दुसऱ्यावरून किंमत वाचायची. रजिस्टरं जास्त आणि क्रमांक कमी, म्हणून ती कप्प्यांत वाटलेली आहेत; कुठला कप्पा उघडा आहे ते ४ई या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. प्रोसेसरचं तापमान पहिल्या कप्प्यात ५० क्रमांकावर आहे. पाचव्या कप्प्यात त्याच ५० क्रमांकावर स्टँडबाय पाच व्होल्ट, आणि ५१ वर बॅटरी. तेव्हा तापमान वाचायचं म्हणजे चार कामं: ४ई निवडा, त्यात १ लिहा, ५० निवडा, वाचा. सरकारी कचेरीतल्या एकाच खिडकीसारखं आहे हे. तुम्ही फाइल मागायला सांगून पाकीट काढायला वळलात आणि तेवढ्यात दुसऱ्याने त्याची फाइल मागितली, तर खिडकीतून जी येईल ती तुमच्या हातात पडते, आणि खिडकीतल्या माणसाची काही चूक नसते.

दुसरा कोण होता ते सापडायला वेळ लागला नाही. त्याआधीच्या हंगामात बॅटरी उतरल्याने संगणकाची तारीख मागे गेली होती आणि काही पावत्यांवर भलतीच तारीख छापली गेली होती. पावतीवरची तारीख चुकणं हे काट्यावर वजन चुकण्याच्या खालोखाल मोठं. म्हणून बंद हंगामात एका ठेकेदाराने बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारा छोटा प्रोग्रॅम बसवून दिला, पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा, २.५ च्या खाली गेला की लाल. हेतू चांगला, कामही नेटकं. तो प्रोग्रॅम पाचव्या कप्प्यातलं ५० आणि ५१ वाचत होता.

युटिलिटीने पहिला कप्पा उघडला, तेवढ्यात विंडोजने तिला बाजूला करून बॅटरीच्या प्रोग्रॅमला वेळ दिला, त्याने पाचवा उघडला, आपलं वाचलं आणि निघून गेला. युटिलिटी परत आली, ५० मागितलं, मिळालं स्टँडबाय: १८६. आणि ती ५० मागून झाल्यावर पण वाचण्याआधी बाजूला झाली असेल तर दार ५१ वर राहिलेलं: १९०. तापमानाचं रजिस्टर चिन्हासकट वाचायचं असतं, तसं वाचलं असतं तर १८६ ऐवजी उणे ७० दिसलं असतं आणि संगणक बंद झाला नसता, पण युटिलिटी लिहिणाऱ्याने ते साधा धन आकडा म्हणून घेतलं होतं. ही दुसरी चूक पहिलीवर बसली तेव्हा संगणक बंद झाला.

यात उलटंही घडत असणार, बॅटरीच्या प्रोग्रॅमला तापमान मिळत असणार. काकांना विचारलं तर म्हणाले, ‘तो आकडा कधीकधी लाल होतो क्षणभर, म्हणून तर सेल बदलायला लावला.’ प्रोग्रॅमच्या नोंदीत ०.८३ सापडलं, ५२ गुणिले १६ मिलिव्होल्ट. २.०५ आणि ०.०० हेही होते. पहिल्या कप्प्यातलं ५१ हे अर्ध्या अंशाचं रजिस्टर, त्यातला वरचा बिट चढला तर १२८, नाही तर शून्य. पडद्यावरचा प्रत्येक विचित्र आकडा आपापल्या जागी जाऊन बसला. बिघाड शोधणाऱ्याला याहून जास्त सुख क्वचितच मिळतं.

गर्दीचा संबंधही इथेच लागला. पोर्टला दोनदा हात लावण्यातलं अंतर खरं तर काही मायक्रोसेकंदांचं. पण हे दोन्ही प्रोग्रॅम प्रत्येक वाचनासाठी आणि प्रत्येक लिहिण्यासाठी एका मदतनीस ड्रायव्हरला स्वतंत्र हाक मारत होते, त्यामुळे फट रुंदावली होती. त्यात पावत्या छापणं, डेटाबेसमध्ये नोंदी, सिरीयलवरून येणारा आकडा असा कामाचा रेटा असला की विंडोज प्रोग्रॅमची वारंवार अदलाबदल करतो आणि फटीत पाय अडकण्याची शक्यता वाढते. काकांची धाप हीच.

शंका राहू नये म्हणून तशाच दुसऱ्या बोर्डवर, वर्कशॉपमधल्या टेबलावर, दोन्ही वाचनं विश्रांती न देता चालवली. थंड बोर्डवर १८६ पडायला चहा येईपर्यंतचाही वेळ लागला नाही. त्यातलं एक थांबवलं आणि यंत्र रात्रभर तसंच सोडलं; खोटा आकडा एकही नाही.

नुसतं वाचल्याने काय बिघडतं, हा समज हार्डवेअरच्या बाबतीत फार महागात पडतो. २००० च्या आसपास लिनक्सवरच्या एलएम-सेन्सर्स या सॉफ्टवेअरने एसएमबस (बोर्डवरच्या चिपांना जोडणारी तार) चाचपून सेन्सर शोधताना आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमधली ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी स्मृती) खराब होत असे. पुढे त्या सॉफ्टवेअरने आयबीएमची यंत्रं ओळखून तिथे काम करायलाच नकार द्यायला सुरुवात केली. आपल्या प्रकरणात नुकसान त्या मानाने काहीच नाही, पण जात तीच. देखरेखीच्या चिपेत वाचायचं असेल तर आधी लिहावंच लागतं.

यावर उपाय जुनेच आहेत. लिनक्समध्ये अशा चिपेपर्यंत एकच कर्नल ड्रायव्हर जातो आणि तो चारही कामं कुलपात करतो. त्याच पोर्टांवर एसीपीआयने (बायोसच्या बाजूच्या वीज-व्यवस्थेने) हक्क सांगितला असेल तर ड्रायव्हर बसायलाच नकार देतो. लोक तो नकार एका बूट पॅरामीटरने मोडून काढतात आणि मग आकडे उड्या मारतात म्हणून तक्रार करतात, तो भाग वेगळा. विंडोजवर तापमान दाखवणाऱ्या बऱ्याच नावाजलेल्या प्रोग्रॅमनी आपापसात एका ठरलेल्या नावाचं म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) पाळायचं ठरवलेलं आहे. आमच्या दोन प्रोग्रॅमपैकी कुणीच ते पाळत नव्हतं.

कारखान्यात आम्ही म्युटेक्सच्या नादी लागलो नाही. युटिलिटी काढून टाकली. बॅटरीच्या प्रोग्रॅमच्या जागी एकच छोटी सेवा बसवली, तीच सगळं वाचते. तापमान सलग पाच वाचनांत वर असेल आणि दोन वाचनांतला फरक शक्य कोटीतला असेल तरच ती दखल घेते, आणि दखल घेऊनही संगणक बंद करत नाही. बोर्डवरच्या एका जीपीआयओ (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या) पायावरून केबिनमधला बझर वाजवते. खरंच जळायची वेळ आली तर थर्मट्रिप आहेच, त्याला कुठल्याही विंडोजची परवानगी लागत नाही. काट्यावर माणूस चोवीस तास बसलेला असतो, यंत्राने आपल्या मनाने झोपायचं काही कारणच नाही.

चीफ इंजिनिअर साहेबांना वॉचडॉग चालू करून हवा होता. त्यांचं म्हणणं, निदान आपोआप परत सुरू तरी होईल. इथे मी नकार दिला. वॉचडॉग अडकलेल्या संगणकाला रीसेट करतो. रीतसर बंद झालेल्याला उठवत नाही, तेव्हा या तक्रारीवर त्याचा उपयोग शून्य होता. शिवाय या चिपेत वॉचडॉगची वेळ आठव्या लॉजिकल डिव्हाइसच्या एफ ६ रजिस्टरमध्ये लिहायची असते, आणि तिथवर जायचा रस्ताही अशाच एका जोडीतून, २ई आणि २एफ मधून. एफ ५ मधला एक बिट सेकंद की मिनिट ते ठरवतो. दोन प्रोग्रॅम तिथे एकमेकांत अडकले तर वॉचडॉगला मिनिटांऐवजी सेकंद मिळू शकतात, आणि मग गाडी काट्यावर असताना रीसेट. पुढच्या हंगामात वॉचडॉग बसवायचाच असेल तर तो त्याच एका सेवेतून, हे त्यांना पटलं.

पावत्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. वजन ठरतं ते सीलबंद इंडिकेटरवर, आणि संगणक बंद पडला तेव्हाही इंडिकेटर चालूच होता. बंद पडण्याच्या प्रत्येक वेळेच्या आसपासच्या पावत्या यार्डातल्या टोकन नोंदींशी लावून पाहिल्या. जिथे भरलेलं वजन छापायचं राहिलं होतं तिथे गाडी पुन्हा काट्यावर घेतलेली होती आणि तशी हाताने नोंद होती. अर्धवट पावती एकही नाही. व्यवस्थापनाला एक पानी अहवाल दिला. त्यात सुपर आय-ओ हा शब्दही नव्हता, फक्त टोकन क्रमांक आणि वेळा होत्या.

राहता राहिला दुसरा काटा, रिकाम्या गाड्यांचा. तिथे अगदी तसाच बोर्ड, तीच युटिलिटी, तोच बॅटरीचा प्रोग्रॅम. तो कधीच बंद पडला नव्हता, म्हणून तिकडे कोणी फिरकलंही नव्हतं. तिथली टेक्स्ट फाइल उघडली. १८६ तिथेही होते, पहिल्या काट्याइतकेच. फक्त त्या चौकटीत टिक नव्हती.